चौकात झोके टांगताना

2014 च्या मे महिन्यात कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये, प्रॉमनाद देझ आर्टिस्त नावाच्या एका अरुंद पट्ट्यावर टांगलेल्या झोक्यांपैकी एकावर मी संध्याकाळी जाऊन बसले. शेजारच्या झोक्यावर ऑफिसातून परतणारे एक गृहस्थ होते. मांडीवर बॅग, पायांत चकचकीत बूट. माझा झोका पुढे गेला की एक सूर वाजे, त्यांचा गेला की दुसरा, आणि काही वेळ ते दोन सूर एकमेकांशी ओळख नसल्यासारखे वाजत राहिले. मग कधीतरी, दोघांपैकी कोणीही ठरवले नसताना, आमचे झोके एका लयीत आले आणि एक निराळीच सुरावट ऐकू आली, जी तोवर माझ्याही झोक्यात नव्हती आणि त्यांच्याही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले, आणि पुढची पाचेक मिनिटे आम्ही ती लय मोडू नये म्हणून एकमेकांच्या पायांकडे लक्ष ठेवून झुलत राहिलो. ते उठून गेले तशी सुरावट थांबली. माझा एकटीचा सूर वाजत राहिला.

त्या मांडणीचे नाव '21 बालांस्वार', म्हणजे सरळ मराठीत '21 झोके'. मूना आंद्राओस आणि मेलिसा मोंजिया यांनी 2010 साली काढलेल्या 'डेली तू ले जूर' या स्टुडिओने ती 2011 मध्ये मॉन्ट्रियलच्या 'कार्तिए दे स्पेक्ताक्ल' या नाटक आणि संगीताच्या कार्यक्रमांसाठी ओळखल्या जाणाऱ्या वस्तीसाठी केली, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे वसंत आला की हे झोके पुन्हा टांगले जाऊ लागले. प्रत्येक झोक्याला आपापला सूर आहे. पियानो, गिटार, हार्प आणि व्हायब्राफोन यांचे आवाज त्यांत वाटून दिलेले आहेत. काही सुरावटी मात्र अनेकांनी मिळून, एकमेकांशी जुळवून घेऊन झोके घेतले तरच उमटतात. जागेला लागूनच विद्यापीठाची विज्ञानशाखा आहे, म्हणून प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे तिथले प्राध्यापक ल्युक-आलँ जिराल्दो यांच्याशी सहकार्य या विषयावर चर्चा करून ही रचना पुढे नेण्यात आली. संगीत राद्वान गाझी मूम्ने यांनी बांधले. अनेकदा अशा कामांत 'शास्त्रज्ञांचा सहभाग' हा केवळ माहितीफलकावर लिहिण्यापुरता असतो. इथे तो हाडामांसात उतरलेला आहे, कारण सहकार्याने एकट्याच्या बळाबाहेरचे काही हाती येते, हे विधान तिथे कुठेही वाचायला मिळत नाही; ते झुलताना कळते.

मी आणि माझी भागीदार गेली काही वर्षे सार्वजनिक जागांसाठी खेळाच्या वस्तू करतो. ती वास्तुरचनाकार आहे, मी प्रॉडक्ट डिझायनर. मराठीत या प्रकाराला मांडणशिल्प म्हणतात, पण त्या शब्दाला 'पाहा, हात लावू नका' असा दालनातला वास येतो, त्यामुळे कामावर आम्ही, वेल्डर आणि महापालिकेचे अभियंते सगळेच 'इन्स्टॉलेशन' म्हणतो. त्या मॉन्ट्रियलच्या संध्याकाळपासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे आणि आजही प्रत्येक आराखडा मी तिच्यावरच पारखून घेते: चौकातले खेळणे एकट्या माणसासाठी अर्धे असले पाहिजे. त्याचा उरलेला अर्धा भाग दुसऱ्या, शक्यतो अनोळखी, माणसाकडे असला पाहिजे. बागेतल्या घसरगुंडीला हा नियम लावण्याचे कारण नाही. तिथे मूल ओळखीच्यांबरोबर आलेले असते आणि खेळायलाच आलेले असते. चौकात माणूस बस पकडायला, भाजी घ्यायला, बँकेत जायला आलेला असतो, आणि आपल्या शेजारून जाणारे शंभर जण त्याला दिसत असूनही दिसत नाहीत. तिथल्या खेळाने त्या शंभरांपैकी एकाला दुसऱ्याची गरज भासवली तर ते खेळणे चौकाचे. नाहीतर ते चौकात ठेवलेले बागेतले खेळणे.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. हात धरून घातलेली फुगडी हे तिचे सर्वांत नेमके उदाहरण आहे. दोघी मागे रेलतात, दोघींचे वजन एकमेकींच्या पंजांत असते, आणि जो वेग येतो तो दोघींपैकी एकीचाही नसतो. एकीने हात सोडला की फुगडी संपली. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात 1979 साली, आंतरराष्ट्रीय बालवर्षाच्या निमित्ताने, उघड्या आकाशाखालचे विज्ञान उद्यान सुरू झाले. अशा उद्यानांत समोरासमोर दूर उभ्या केलेल्या दोन मोठ्या अंतर्गोल तबकड्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. एकीच्या नाभीपाशी, म्हणजे तिच्या पुढ्यातल्या एका ठरावीक बिंदूपाशी, कुजबुजलेले दुसरीच्या नाभीपाशी कान लावणाऱ्याला स्पष्ट ऐकू येते. त्यात वीज नाही, पडदा नाही, आणि दुसरा माणूस नसेल तर ती तबकडी म्हणजे नुसता पत्रा. मला ती आजही या विषयातली एक अत्यंत परिपूर्ण वस्तू वाटते. फक्त ती तिकीट काढून आत गेल्यावर भेटते, आणि चौकाला तिकीट नसते.

आमचे पहिले काम याच कसोटीवर फसले, म्हणून ते सविस्तर सांगते. एका जिल्ह्याच्या गावी, बसस्थानक आणि मंडई यांच्यामध्ये एक जुना चौक आहे, जिथे संध्याकाळी वाहने बंद करतात. तिथे आम्ही फरसबंदीत बारा गोल पाट बसवले होते; पाटावर पाय पडला की खालचा संवेदक तो ओळखे आणि खांबावरच्या स्पीकरमधून एक सूर येई. उद्घाटनाला मुलांची झुंबड उडाली, फोटो छान आले. पण मी नंतर चार संध्याकाळी तिथल्या पायरीवर बसून पाहत राहिले तेव्हा एक गोष्ट खटकू लागली. मूल येई, उड्या मारी, सूर निघत, दोन मिनिटांत मूल जाई. मोठी माणसे पाट टाळून कडेने चालत. कोणी कोणाकडे पाहत नव्हते, कारण पाहण्याची गरजच आम्ही ठेवली नव्हती; ज्याचा त्याचा पाय आणि ज्याचा त्याचा सूर. मग जून उजाडला. पावसाचे थेंब आणि पाटावर साचलेले पाणी त्या संवेदकांना पायासारखेच वाटू लागले, आणि रात्री दोन वाजता निर्मनुष्य चौकात सूर वाजू लागले. समोरच्या इमारतीत एक आजारी आजी झोपत होत्या. तिसऱ्या आठवड्यात वीजजोडणी काढून टाकण्यात आली, आणि ते योग्यच झाले. दोष पावसाचा नव्हता आणि जोडणी काढणाऱ्यांचाही नव्हता. आपल्या हवेत, आपल्या चौकात काय टिकेल याचा विचार आम्ही पुरेसा केला नव्हता, आणि खेळ कुठे घडतो हे आम्हाला कळलेच नव्हते. तो पाटात घडतो असे आम्ही धरून चाललो होतो.

त्या पावसाळ्यात मी डच वास्तुरचनाकार आल्डो व्हान आइक यांच्या कामाकडे नव्याने वळले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ॲम्स्टरडॅममध्ये, शहराच्या बांधकाम विभागात नोकरीला असताना, त्यांनी 1947 साली बेर्टेलमनप्लाइन या छोट्या चौकात पहिले क्रीडांगण केले. पुढे 1978 पर्यंत अशी 700 हून अधिक क्रीडांगणे त्यांच्या हातून झाली. पहिल्यात होते काय? रुंद काँक्रीटच्या काठाची वाळूची हौद, चार गोल दगड, कोलांट्या घेण्याचे लोखंडी दांडे, बाके आणि झाडे. कुंपण नव्हते. वाळूच्या हौदाचा काठ मुलांना उडी मारायला चाले आणि आयांना बसायला. दांड्यांवर सकाळी मूल उलटे लटके आणि दुपारी कोणी गालिचा झटके. शेजारच्या गल्लीतल्या रहिवाशांनी ते पाहून 'आमच्याकडेही करा' अशी पत्रे पालिकेला लिहिली, आणि एकेका मोकळ्या तुकड्यात क्रीडांगणे होत गेली. त्यांच्या वस्तू गप्प आहेत. हत्ती नाही, विमान नाही, किल्ला नाही. दांडा हा दांडाच आहे, त्याचे काय करायचे ते येणाऱ्याने ठरवायचे. आपल्याकडे हल्ली शहराच्या नावाची भली मोठी अक्षरे आणि त्यांच्या आधी लाल बदाम चौकाचौकांत उभा राहतो. त्याच्याशी करण्यासारखी गोष्ट एकच असते, आणि ती करताना प्रत्येकाची चौकाकडे पाठ असते. मला हे मनापासून खुपते, कारण त्याच पैशांत, त्याच जागेत, माणसांची तोंडे एकमेकांकडे वळवता येतात.

दुसऱ्या वेळी, त्याच चौकासाठी, आम्ही झोका निवडला. मॉन्ट्रियलची नक्कल करण्याचा मोह नव्हता असे नाही, पण त्या झोक्यांमागे संगणक, स्पीकर आणि हंगाम संपला की सगळे उतरवून आत ठेवणारी एक सक्षम संस्था आहे. आमच्यामागे एक चौकीदार आणि त्याची ग्रीसगन आहे. म्हणून वीज न वापरता सूर काढायचा असे ठरले, आणि तिथून खरी गंमत सुरू झाली.

झोका हे माझ्या मते सार्वजनिक जागेतले सर्वांत न्यायी खेळणे आहे, आणि त्याचे कारण शाळेत शिकलेल्या लंबकात आहे. झोक्याला एक फेरी पूर्ण करायला लागणारा वेळ साखळीच्या लांबीवर ठरतो. बसणाऱ्याच्या वजनाचा त्याच्याशी संबंध नसतो. 2.5 मीटर साखळीचा झोका, बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य बैठकीच्या थोडा वर असतो हे धरून, सुमारे 3 सेकंदांत जाऊन परत येतो. वीस किलोचे मूल असो की ऐंशी किलोचे काका, दोघांची लय जवळजवळ सारखी. जो किंचित फरक उरतो तो पाय लांब करून किंवा आखडून भरून काढता येतो, आणि हे 'भरून काढणे' म्हणजेच दुसऱ्याकडे लक्ष देणे. सीसॉवर हे जमत नाही. तिथे काका खाली आणि मूल वर अडकते.

आम्ही सहा झोके घेतले, सहाही एकाच लांबीचे. एका चौकटीत दोनच झोके टांगावेत, म्हणजे मधल्या झोक्यावर जायला कोणाला दोन हलत्या झोक्यांमधून वाट काढावी लागत नाही. म्हणून तीन चौकटी. प्रत्येक झोक्याच्या वरच्या आसाला एक छोटी दांडी आहे, आणि झोका पुढच्या बाजूला ठरावीक उंचीपर्यंत गेला की ती एक लाकडी हातोडी सोडते. हातोडी समोर टांगलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीवर पडते. ही नळी कुठून टांगायची, यावर सगळे अवलंबून असते. दोन्ही टोके मोकळी असलेली नळी वाजते तेव्हा तिच्या लांबीच्या 22.4 टक्के अंतरावर, दोन्ही बाजूंना, एकेक बिंदू असा असतो जो हलतच नाही. तिथे भोक पाडून टांगली तर ती दीर्घ, भरून वाजते; दोन बोटे इकडेतिकडे झाले की आवाज बसका होतो. फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये आमच्या वेल्डरने पहिली नळी घाईत टोकापाशी भोक पाडून टांगली, वाजवली, तोंड वाकडे केले. मग मी खडूने खूण करून दिली तिथे दुसरी टांगली. ती वाजली तेव्हा शेजारच्या ग्राइंडरवरच्या मुलाने मशीन बंद केले. पुढचे अर्धा तास कोणीच काम केले नाही.

सूर कोणते, याचे उत्तर माझ्या भागीदाराच्या आईने दिले: भूप. सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य, त्यामुळे या पाचांतले कोणतेही दोन सूर कोणत्याही क्रमाने, एकत्र किंवा मागेपुढे वाजले तरी कानाला टोचत नाहीत. ज्या वाद्याचे वादक एकमेकांना ओळखत नाहीत आणि ज्यांनी आयुष्यात कधी तालीम केलेली नाही, त्या वाद्याला हा राग जणू नेमून दिलेला आहे. नळीचा सूर तिच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात चढतो, त्यामुळे सा ची नळी 100 सेंटिमीटर धरली तर रे ची 94.3, ग ची 89.4, प ची 81.6, ध ची 77.5 आणि वरच्या सा ची 70.7 येते. आम्ही प्रत्येक नळी दोन-तीन मिलिमीटर लांब कापून, कानाने आणि ट्यूनरने पाहत, कानस मारत खाली आणली.

आता मुख्य गोष्ट. एकटा माणूस झोका घेत असेल तर दर 3 सेकंदांनी तोच एक सूर वाजतो. हे आम्ही जाणूनबुजून इतके साधे ठेवले. प्रायोजकाच्या प्रतिनिधींनी एका बैठकीत सुचवले की एका झोक्यावरच सगळे सूर वाजतील असे करा, म्हणजे एकट्यालाही मजा येईल. आम्ही नाही म्हणालो, आणि त्या एका नकारासाठी दोन महिने गेले. कारण सहा जण अर्ध्या अर्ध्या सेकंदाच्या अंतराने निघाले तरच 3 सेकंदांत भूपाचा आरोह पूर्ण उमटतो. ते कुठेही लिहिलेले नाही. सूचनाफलक लावा असा आग्रह झाला तेव्हाही आम्ही टाळले, कारण फलक वाचणारा माणूस फलकाशी बोलतो, शेजाऱ्याशी नाही.

बैठकीवर आमच्यात बराच वाद झाला. मला वाड्यातल्या झोपाळ्यासारखी सागवानी फळी हवी होती. पण हलत्या जड फळीची कड धावत मध्ये आलेल्या लहान मुलाच्या कपाळावर बसली तर काय होते हे कोणत्याही अस्थिरोग डॉक्टरला विचारावे. बागेत मिळतात तसे रबरी पट्टे सुरक्षित, पण ते दोन्ही बाजूंनी आवळतात. साडी नेसलेली बाई त्यात नीट बसूच शकत नाही. शेवटी आत ॲल्युमिनियमची पातळ पट्टी घातलेली, सपाट, रुंद रबरी बैठक केली आणि ती जमिनीपासून 45 सेंटिमीटरवर ठेवली, खुर्चीइतकी. साखळी आखूड कड्यांची, बोट अडकणार नाही अशी. चौकटीत कुठेही 89 ते 230 मिलिमीटरची फट राहू नये हे तपासले, कारण त्या मापाच्या फटीत मुलाचे धड सरकते आणि डोके अडकते. बेअरिंग सीलबंद, लोखंड गॅल्वनाइज केलेले, आणि प्रत्येक सुटा भाग त्याच गावातल्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये बनेल असा. बाहेरून मागवावा लागणारा एक नट जरी असेल तरी तो हरवला त्या दिवशी इन्स्टॉलेशन संपते, हे पहिल्या कामाने शिकवले होते.

बैठक साडीतल्या बाईला बसता येईल अशी असावी, हा आग्रह धरण्याचे कारण मोठे होते. आपल्याकडे मोठ्या बायकांनी उघड्यावर झोका घेण्याची जुनी, सर्वमान्य वेळ म्हणजे नागपंचमी. गावाबाहेरच्या झाडाला दोर बांधले जात, माहेरवाशिणी उभ्याने झोका चढवत, आणि त्या दिवशी कोणी 'हे काय वय आहे' असे विचारत नसे. चौकात ती परवानगी रोज कशी द्यायची, हा खरा डिझाइनचा प्रश्न आहे, आणि तो उंची, रंग, प्रकाश आणि दिशेने सोडवावा लागतो. आम्ही झोके चटक रंगात रंगवले नाहीत, कारण चटक रंग म्हणजे 'हे मुलांचे' अशी पाटी. पानटपरीच्या आणि रिक्षा थांब्याच्या थेट समोर चौकटी ठेवल्या नाहीत. त्या नजरांसमोर कोणी बाई झुलणार नाही. तोंड मंडईकडे केले, जिथे बायका दुकाने मांडून बसतात. दिवे डोक्यावरून न देता खालून, मंद दिले.

झोके लागल्यावर पहिले आठ-दहा दिवस तिथे फक्त मुले आणि कॉलेजचे तरुण होते. अकराव्या दिवशी, मंडई आवरत आली तेव्हा, एक हार-गजरे विकणाऱ्या बाई रिकामी टोपली कडेला ठेवून सा च्या झोक्यावर बसल्या. पाय टेकवूनच त्या थोडा वेळ मागेपुढे झाल्या. तेवढ्यावर हातोडी सुटत नाही, त्यामुळे आवाजही नव्हता. मग त्यांनी पाय उचलले. सूर वाजला तशा त्या थबकल्या आणि त्यांनी वर पाहिले. त्यांच्या शेजारी लिंबे विकणाऱ्या आजी बसत असत, त्यांना त्यांनी हाक मारली, 'आक्का, या की हिकडं.' आक्का रे वर बसल्या. मी पायरीवर होते. त्या दोघींना जुळवायला साधारण पंधरा मिनिटे लागली असतील, आणि त्या पंधरा मिनिटांत चार अनोळखी माणसे उरलेल्या झोक्यांवर येऊन बसली; त्यांत खांद्याला दप्तर असलेला एक मुलगा होता आणि तो सगळ्यांना 'आता तुम्ही, आता तुम्ही' असे बोटाने सांगू लागला. पूर्ण आरोह त्या रात्री एकदाच, जेमतेम, आला. ध थोडा उशिरा वाजला.

रात्री दहाला चौकीदार प्रत्येक हातोडीला एक खिट्टी लावतो आणि सकाळी सहाला काढतो. ध्वनिक्षेपकांसाठीच्या नियमातली वेळच आम्ही आमच्या नळ्यांना लावून घेतली आहे, जरी त्यांचा आवाज चौकाबाहेर फारसा जात नाही. आजारी आजींच्या घरी मी स्वतः जाऊन खिडकीत उभी राहून ऐकले, मगच जागा पक्की केली. दर दुसऱ्या शनिवारी ग्रीस, पावसाळ्याआधी साखळ्यांची तपासणी, हातोड्यांचे लाकूड वर्षातून एकदा बदलायचे. या सगळ्याचा करार मूळ निविदेतच पाच वर्षांसाठी घालून घेतला, कारण पुढे स्वतंत्र तरतूद होईल या भरवशावर उभ्या केलेल्या वस्तूंचे सांगाडे मी बऱ्याच चौकांत पाहिले आहेत.

गेल्या महिन्यात देखभालीसाठी गेले तेव्हा हारवाल्या बाईंनी मला थांबवून सांगितले की बसताना टोपली खाली ठेवली की तिला पाय लागतो आणि उरलेली फुले सांडतात. तुम्ही एवढे केलेत तर टोपल्या अडकवायला काहीतरी करा. आराखड्यात आम्हाला हे सुचायला हवे होते. चौकटींच्या बाहेरच्या खांबांवर, झोक्यांच्या आवाक्याबाहेर, हाताला येईल इतक्या उंचीवर आता गोल टोकांच्या सहा खुंट्या बसवतो आहोत. पहिली कालच वेल्ड झाली.